आमच्याच दारात उघडे दगड

केयला: आई गं! ओढू नको ना, पप्पा. आई असं ओढत नाही.

एलिसेओ: आई चर्चमध्ये उपासाला बसलीये. आज हाच न्हावी मिळेल. मान सरळ ठेव.

केयला: न्हावी वेण्या घालत नाही.

एलिसेओ: सुतार तरी कुठे घालतो? रंधा मारावा लागेल, इतक्या गाठी आहेत. आणि हा जांभळा रंग कुठून आला केसात?

केयला: पहाटेचा आहे. दारात रंगीत भुशाचा गालिचा काढताना आधी नाकाला खाज आली, मग डोक्याला आली.

लोइदा: हळू बोल, केयला. पलीकडे ऐकू जातं.

केयला: जाऊ दे ऐकू. चोरच आहे ती. डोन्या चायो चोर!

एलिसेओ: ए, तोंड सांभाळ. म्हातारी बाई आहे. शेजारी आहे.

केयला: म्हातारी आहे म्हणून झाडू धरता येत नाही का? तिच्या हातात झाडू होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

एलिसेओ: आज कोणाच्या हातात झाडू नव्हता? सगळी गल्ली पहाटेपासून झाडतेय. झाडल्याशिवाय मिरवणुकीचे गालिचे घालणार कुठे?

लोइदा: सगळ्यांनी आपापलं दार झाडलं, पप्पा. आपलं कोणी झाडलं?

एलिसेओ: वारा असेल.

लोइदा: वारा भुसा गटारापाशी नेऊन नीट ढीग लावतो?

एलिसेओ: मग कुत्री असतील. मला काय माहीत? मी उठलो तेव्हा ढीगच होता. हलू नकोस गं, भांग वाकडा झाला.

लोइदा: ती हलली नाही. तुम्हीच वाकडा काढलात.

एलिसेओ: ती फणी दे इकडे आणि जरा गप्प बस. आणि पाव का नाही खाल्ला दोघींनी? टोपली मघापासून तशीच पडलीये.

केयला: तिनं पाठवलाय तो. चोराचा पाव मी खात नाही. मधसुद्धा नाही. मध थोडासा चाटला.

एलिसेओ: दर गुड फ्रायडेला पाठवते ती. आपण तिच्या मिरवणुकीत जात नाही, तिच्या संतांना हात जोडत नाही, तरी पाठवते.

लोइदा: आणि आपण तिला काय पाठवतो?

एलिसेओ: आपल्यात तशी पद्धत नाही.

लोइदा: आपल्यात कुठली पद्धत आहे, पप्पा? गालिच्याची नाही, पावाची नाही, मिरवणुकीची नाही. काय नाही ते मला सगळं पाठ आहे.

एलिसेओ: लोइदा, डोकं फिरवू नकोस. मी एक शब्द तरी बोललो का तुम्हाला? न विचारता माझ्या सुतारखान्यातून पोतंभर भुसा नेलात. उजाडायच्या आत रस्त्यावर जाऊन गालिचा घातलात. कॅथलिकांचं आपल्या चर्चला चालत नाही, माहीत असून घातलात. दुसरा बाप असता तर पट्टा काढला असता.

लोइदा: तेच तर मला कळत नाहीये. तुम्ही रागावला का नाहीत? शाळेत मी मरियमचं चित्र नुसतं रंगवलं होतं, तर तुम्ही जेवताना, झोपताना, प्रार्थनेतसुद्धा तेच काढत होतात. आणि आज एवढा अख्खा गालिचा, तरी काही नाही.

एलिसेओ: सणाचा दिवस आहे, म्हटलं कशाला.

लोइदा: आपल्यात सण नसतो म्हणता तुम्ही.

एलिसेओ: मला एक सांगा, काढलात कशासाठी? बाकीच्या पोरींना दाखवायला?

केयला: येशूचे पाय दुखतात म्हणून!

लोइदा: तू थांब. मी सांगते. पप्पा, ह्या गल्लीत दर दारासमोर गालिचा असतो. आमच्याच दारात उघडे दगड. मागच्या वर्षी मी खिडकीतून बघत होते. येशूच्या मूर्तीचा तो मोठा लाकडी चौथरा खांद्यावर घेऊन माणसं डोलत डोलत आली. डोन्या चायोच्या गालिच्यावरून आली तेव्हा आवाज नाही. पाय भुशात रुतत होते. आपल्या दारापाशी आली आणि बूट वाजायला लागले. खट, खट, खट. सगळ्यांनी वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसले.

एलिसेओ: बघेनात का. आपल्याला काय त्यांचं?

लोइदा: मग वर्गातली मारिसोल म्हणाली, तुम्ही रोज रात्री येशूची गाणी म्हणता, भिंतीपलीकडून ऐकू येतात. आणि तो दारात आला की त्याला दगडांवरून चालवता?

एलिसेओ: तो येशू नाही, लोइदा. लाकूड आहे. मी सुतार आहे, मला विचार. चांगल्या देवदाराचं लाकूड आहे, वर रंग दिलाय.

लोइदा: तिला मी तेच सांगितलं. मग ती म्हणाली, बरं, तो खोटा. तुझा खरा आहे ना, त्याच्यासाठी तू काय केलंस? मला काहीच आठवेना, पप्पा. गाणीच आठवली. म्हणून काढला. आणि नियम पाळला मी. संत नाही काढला, कोणाचा चेहरा नाही काढला. नुसतं कोकरू काढलं. कोकरू बायबलात आहे.

केयला: कोकरू मी काढलं!

लोइदा: तिनं काढलं. म्हणून तर एवढा वेळ लागला.

केयला: डोन्या चायोला आवडलं होतं. तिनंच आम्हाला भुसा ओला करायला शिकवला, नाहीतर उडतो. जांभळा रंग पण तिचाच. आणि मग आमचं तिच्यापेक्षा छान झालं म्हणून जळली मेली.

एलिसेओ: मेली म्हणायचं नाही. आणि जळण्यासारखं काय होतं गं त्यात? जांभळं कोकरू, तेसुद्धा पाच पायांचं.

केयला: पाचवा पाय नाही तो, शेपूट आहे! ताईपण हेच म्हणाली. कोणालाच शेपूट कळत नाही!

लोइदा: पप्पा.

एलिसेओ: काय?

लोइदा: तुम्ही उठलात तेव्हा ढीग होता म्हणालात.

एलिसेओ: हो, मग?

लोइदा: ढिगाला पाय असतात?

केयला: वेणी का सोडलीस, पप्पा? बघ, सगळी सुटली.

लोइदा: केयलानं सांगितलं असेल, असं म्हणू नका. सकाळपासून ती माझ्याजवळ आहे.

एलिसेओ: नाही म्हणत.

लोइदा: मग काय म्हणता?

एलिसेओ: मीच झाडला.

केयला: काय झाडलंस?

एलिसेओ: तुमचा गालिचा. मी झाडला. डोन्या चायोनं नाही, वाऱ्यानं नाही. मी.

केयला: का? वाईट झाला होता?

एलिसेओ: नाही गं बाळा. वाईट नव्हता. तुम्ही दोघी मागे हात धूत होतात. दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. कडेला तुझ्या बोटांचे ठसे होते, एवढे एवढे. लगेच कळलं मला कोणाचं काम आहे ते.

लोइदा: कळल्यावर झाडलात?

एलिसेओ: कळल्यावर.

लोइदा: देवाला चालत नाही म्हणून?

एलिसेओ: सकाळपासून स्वतःला तेच सांगतोय. पण तसं नाही. चर्चचे ब्रदर ओबेद आईला न्यायला आले होते. समोर उभे होते, टोपी हातात घेऊन.

लोइदा: काय म्हणाले ते?

एलिसेओ: काही नाही.

लोइदा: ओरडले?

एलिसेओ: ओरडायला कशाला पाहिजे? नुसतं बघितलं. गालिच्याकडे, मग माझ्याकडे. आणि माझी तंतरली. रविवारी मला डीकन करणार आहेत, चर्चच्या कारभारात घेणार आहेत. कोणाला करायचं ते ओबेदच ठरवतात. मनात आलं, हे म्हणतील, ह्याला घरातल्या दोन पोरी आवरत नाहीत, हा चर्च काय सांभाळणार? दाराआडचा झाडू घेतला. ते हसले आणि आईला म्हणाले, चला सिस्टर.

लोइदा: आईनं पाहिलं?

एलिसेओ: पाहिलं. मान खाली घालून गाडीत बसली.

केयला: कोकरू पण झाडलंस?

एलिसेओ: तेच आधी.

केयला: मी रडत नाहीये. नाकात भुसा गेलाय.

लोइदा: मिरवणुकीनं तुडवला असता तर चाललं असतं. तुडवायलाच काढतात तो. पण तुम्ही झाडूनं काढलात. कचऱ्यासारखा. गटारात.

एलिसेओ: समजतंय मला.

लोइदा: काही समजत नाहीये तुम्हाला! सकाळी काही बोलला नाहीत, आता कुत्री म्हणालात, वारा म्हणालात, आणि मी तिकडे—

केयला: सांग ना, ताई. पप्पानं सांगितलं. आता तू सांग.

लोइदा: तू गप.

केयला: ताईनं डोन्या चायोच्या गालिच्यावर लाथा मारल्या. मधोमध. चर्चचे बूट घालून.

एलिसेओ: काय? कधी?

केयला: पाव यायच्या आधी. म्हातारी पाणी आणायला आत गेली होती ना, तेव्हा. मी नाही मारल्या. मी फक्त कोण येतंय ते बघत होते.

एलिसेओ: लोइदा, खरं हे?

लोइदा: मधल्या मोठ्या फुलावर मारल्या. मग कडा उधळल्या, पाईनची पानं, सगळं. गुडघे सुजेपर्यंत बसून काढला होता तिनं तो. मला माहीत होतं. म्हणूनच मारल्या. वर बघितलं तर ती दारात उभी. हातात बादली.

एलिसेओ: काय म्हणाली?

लोइदा: काहीच नाही. बघत राहिली. मी पळाले. आणि थोड्या वेळानं तिची सून पाव घेऊन आली.

एलिसेओ: देवा.

लोइदा: मला वाटलं, तिची चोरी पकडली गेली म्हणून पाव पाठवून गप्प करतेय आम्हाला. पप्पा, सकाळी मी रडत आत आले तेव्हा तुम्ही चूल पेटवत होतात. तेव्हाच एकदा बोलला असतात ना.

एलिसेओ: ओठावर आलं होतं गं.

लोइदा: ओठावर आलेलं कोणाला ऐकू येतं?

एलिसेओ: बरं, ऐका. मिरवणूक दुपारी येईल. अजून वेळ आहे. आत पाईनचा बारीक भुसा पडलाय, मी चाळून देतो. मागच्या दारानं जा दोघी. तिला द्या आणि म्हणा, चूक झाली.

केयला: मागच्या दारानं कशाला? पुढचं जवळ आहे.

लोइदा: आणि तुम्ही?

एलिसेओ: ब्रदर ओबेद आपल्याला न्यायला येतील. घरात कोणीतरी पाहिजे ना. कुलूप बघून काय म्हणतील?

लोइदा: चल, केयला. पोत्याचं ते टोक धर. मी माझं सांगेन, पप्पा. लाथा मी मारल्या. पण तिनं विचारलं, तुमचा गालिचा कोणी झाडला गं, तर मी काय सांगू? वारा?

एलिसेओ: लोइदा—

लोइदा: नाही, ठरवून द्या. वारा की कुत्री? दोघींनी एकच सांगितलेलं बरं.

एलिसेओ: ठेव ते पोतं खाली.

लोइदा: का?

एलिसेओ: तुम्हाला उचलणार नाही. मी घेतो. केयला, ती मोठी चाळणी आण. आणि दार उघड. पुढचं.

केयला: माझी एकच वेणी झालीये!

एलिसेओ: राहू दे एकच.

(रस्त्यावर. डोन्या चायोच्या दारासमोर, विस्कटलेल्या गालिच्याच्या कडेला तिघं गुडघ्यांवर बसलेली.)

केयला: सगळे आपल्याकडेच बघतायत. पप्पा, तो बेकरीवाला हसतोय.

एलिसेओ: हसू दे. तू चाळ.

लोइदा: पप्पा, ती मला एवढंच म्हणाली, बूट काढून ये. बाकी काहीच नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

एलिसेओ: हो. मलाही तसंच वाटतंय.

लोइदा: तुमच्याशी मात्र बराच वेळ बोलत होती दारात. काय म्हणाली?

एलिसेओ: ती पाकळी आतून भर. कडेनं भरलीस तर रंग मिसळतो.

लोइदा: पप्पा.

एलिसेओ: मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, एलिसेओ, मी बहिरी नाही. तुझ्या झाडूचा आवाज मला आत ऐकू येत होता.

लोइदा: म्हणजे तिला सकाळपासून माहीत होतं?

एलिसेओ: सगळं माहीत होतं. तू लाथा मारत होतीस तेव्हाही.

लोइदा: मग तिनं मला थांबवलं का नाही? नुसतं म्हणाली असती, पोरी, तुझ्या बापानं केलंय. मी लगेच थांबले असते.

एलिसेओ: विचारलं मी. म्हणाली, पोरींसमोर बापाचं नाव मी कसं घेऊ? फूल काय, परत काढता येतं.

लोइदा: हे तुम्ही मला सांगायला नको होतं.

एलिसेओ: मला एकट्याला पेलवेना ते.

केयला: झालं की आपल्या दारात पण काढायचा का? कोकरू? ह्या वेळेला मी शेपूट बारीक काढते.

लोइदा: वेळ नाही उरणार.

केयला: मग येशू परत दगडांवरून जाणार?

लोइदा: हो.

केयला: पप्पा, हो?

एलिसेओ: हो. ह्या वर्षी जाईल. मी बघेन खिडकीत उभा राहून.

लोइदा: ब्रदर ओबेद आले. आपल्या दारापाशी थांबलेत. कडी वाजवतायत.

एलिसेओ: हं.

लोइदा: वळले. इकडेच बघतायत. पप्पा, खाली बघा. रेघ वाकडी होतेय.

एलिसेओ: होऊ दे. तू नंतर सरळ कर.

केयला: ते हाका मारतायत. मी सांगू त्यांना? मला लांबपर्यंत ओरडता येतं. ब्रदर ओबे—

एलिसेओ: ओरडू नकोस, केयला. ही चाळणी धर. मी उठतो. मीच जाऊन सांगतो त्यांना.