शेवटच्या बारा ओळी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारे पाद्री थेंब घालून डोळे मिटून बसले होते. पलीकडे त्यांची मुलगी. ती कॉलेजात प्राचीन ग्रीक शिकवायची.

"बाबा, बायबलमधल्या त्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन ग्रीक हस्तलिखित प्रतींत शेवटच्या बारा ओळी नाहीतच."

"झालं तुझं सुरू!"

"येशूची रिकामी कबर बघून बायका घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. गोष्ट तिथेच संपते. तो जिवंत होऊन पुन्हा भेटला, हे मागाहून कुणीतरी जोडलंय."

"चाळीस वर्षं प्रत्येक अंत्यविधीला मी तेच वाचलं गं."

"म्हणून ते मूळचं ठरतं का?"

"नाही ठरत. दमलो मी या वादानं."

"मीही दमलेय. पण आईच्या वेळीसुद्धा तुम्ही तेच..."

"तिच्या वेळी नाही वाचलं. बायका पळाल्या, तिथेच पुस्तक मिटलं."

"मला वाटलं, तुमचा आवाज बसला."

"सगळ्यांनाच तसं वाटलं. बरं झालं."

"मग इतकी वर्षं माझ्याशी भांडलात कशाला?"

"ज्यानं पुढचं जोडलं ना, त्याच्याही घरचं कुणीतरी गेलं असेल गं."

आतून नर्सने हाक मारली.

"उठा बाबा, सावकाश. माझा हात धरा."