वातींचा डबा

आई : चौथ्यांदा धुतले हात. साबणाने धुतले, राखेने घासले, तरी बोटांत वळवळतंय. हे बघ, अजून काटा आहे अंगावर.

उर्वी : मम्मी, चावत नाहीत ते.

आई : चावले असते तर बरं होतं. मऊ लागले गं. वाती समजून चिमटीत धरल्या, आणि वात आपली आपण वळायला लागली. शी.

उर्वी : झाकणाला भोकं नाही दिसली? वातींच्या डब्याला कोण भोकं पाडतं?

आई : आणि देव्हाऱ्यात अळ्या कोण ठेवतं? गणपतीच्या मागे? पाच वाजता हळदीकुंकवाला बायका येणार. शैलजाकाकू आल्या आल्या देवाला डोकं टेकवते. तिच्या कानाशी ही खरखर.

उर्वी : तर काय करू? आधी फ्रीजच्या मागे ठेवले होते...

आई : माझ्या फ्रीजच्या?

उर्वी : मागे, आत नाही. मशीन बंद झाली की तिथे पण गारठा. बल्ब लावला तर तू येता-जाता बटण बंद करतेस. हीटरचं नाव काढलं की पप्पा बिल दाखवतात. मग बघितलं, घरात चोवीस तास गरम कुठे आहे. किचनमधलं तूप दगड झालंय, आणि देव्हाऱ्यातल्या वाटीतलं एकदम पातळ. बस, ठेवला डबा.

आई : हेच डोकं दहावीत चाललं असतं तर...

उर्वी : चालू नको होऊ.

आई : होणार. शाळेच्या जेवणात एक इल्ली निघाली, तर अख्खं ताट मॅडमच्या टेबलावर पालथं घातलंस. माफी माग म्हटलं तर दप्तर घेऊन घरी. सोळा वर्षांची घोडी, सहा महिने झाले घरात बसलीयेस. एका इल्लीपायी. आणि आता हजार पाळतेस, गव्हाचा चोकर घालून, गाजर चिरून.

उर्वी : ती इल्ली भाजीत होती. शिजलेली. मॅडम म्हणे, बाजूला काढ आणि खा, बाकीचे खातायत ना. मला तर किळस मॅडमची आली.

आई : मला आत्ता तुझी येतेय. जा, नाल्यात टाकून ये.

उर्वी : नाही टाकणार. पंधरा दिवस थंडीत मेल्यासारखे पडले होते, आत्ता कुठे किडे अंडी घालायला लागलेत. ते अ‍ॅक्वेरियमवाले अर्पित भिया म्हणाले, हिवाळ्यात भल्याभल्यांचे मरतात, तुझ्याने काय होणार. महिना काढलास तर माझ्या दुकानातल्या माशांना दर रविवारी तुझाच माल. आठ दिवस राहिलेत, मम्मी. फक्त आठ.

आई : किडे? किडे पण आहेत त्यात?

उर्वी : अळीचा प्यूपा होतो ना. पांढरा, पाय पोटाशी धरून झोपलेला. मग त्यातून काळा...

आई : पुरे. ओकारी येईल मला. दुपारचं जेवण अजून वरच आहे.

उर्वी : आणि दिवा तर असाही जळतोच. ती गर्मी फालतू वायाच जाते.

आई : वाया?

उर्वी : नाही तर काय. दिवाळीपासून लावलायस, कशाला ते पण सांगत नाहीस. पप्पांना विचारलं तर म्हणे आईला विचार.

आई : तू शाळेत परत जावीस म्हणून लावलाय.

उर्वी : पण दहावीच्या फॉर्मची तारीख तर गेली.

आई : गेली, तरी लावते. झोपेतून उठून तेल घालते, विझू नये म्हणून. आणि त्याच्या उबेला तू हे... शी गं, उर्वी.

(उर्वी देव्हाऱ्यातून डबा बाहेर काढते.)

उर्वी : घे. काढला.

आई : कुठे चाललीस?

उर्वी : गच्चीवर.

आई : वारा आहे वर.

उर्वी : तर असू दे ना. मरतील, तू सुटशील.

आई : थांब. थंडीत मी दही कुठे लावते?

उर्वी : ती थर्माकोलची पेटी... आत गरम पाण्याची बाटली ठेवून. वरून लालबागच्या मेळ्यातली शाल.

आई : सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. बाटलीला फडकं गुंडाळायचं, नाहीतर एका बाजूने भाजतं. आणि झाकण गच्च नको, आत घाम सुटतो.

उर्वी : माहितीये. बुरशी येते. पहिला डबा तसाच गेला माझा... पण मग दही?

आई : त्या पेटीतलं दही आता मी जन्मात तोंडात घालणार नाही. विकत आण. पेटी तुझ्या पलंगाखाली. बाहेर दिसली तर मी स्वतः नाल्यात टाकीन. आणि लांब हो, तो डबा माझ्या साडीला लागतोय.

उर्वी : मम्मी. दिवा विझवणार आहेस?

आई : त्यातलं तेल कमी झालंय. हात धुऊन ये आणि तूच घाल.