मुनीरचाचांचा अकरावा नंबर

...हसा, हसा! तुमचं काय जातंय? मला अख्ख्या दुबईत तोंड लपवायला जागा नाही. धड एक झाड नाही इथे, लपू कुठे? वाळूत? आणि हे सगळं झालं कशामुळे, तर त्या मेल्या बेसबॉलमुळे!

तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी इथे तेल लागलं आणि मी एका अमेरिकन साहेबाचा स्टोअरक्लार्क झालो. या साहेबाने एक दिवस मेसच्या फळ्यावर खडूने त्याच्या गावच्या बेसबॉल टीमचे तीस वर्षांतले सगळ्यात भारी खेळाडू लिहिले, नंबरवार. आता बेसबॉल म्हणजे काय? दांडू हाणायचा आणि वेड्यासारखं गोल पळून परत घरी यायचं... असो! तर त्यात त्याचा सख्खा भाऊ नववा! मी म्हटलं, साहेब, सख्खा भाऊ आणि नववा? तर तोंडातला पाइप काढून म्हणतो कसा, "गॅनी, खेळात नातं नाही!" वा, काय बोलला! डोक्यात असं बसलं ते... बसायला नको होतं हो!

आता शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आम्ही खारवली गावचे सगळे मुनीरचाचांच्या खोलीवर जेवायला. चाचा कोण? तर आम्हाला गावाहून एकेकाला बोटीत बसवून इकडे आणणारे, कामाला लावणारे. आणि शहरबानूचे अब्बा! शहरबानू म्हणजे... जाऊ द्या, आता नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटते. माझ्या आईने गावी तिच्या आईकडे, मरियमबीकडे, माझ्यासाठी शब्द टाकला होता. मरियमबी राजी. फक्त चाचांचा होकार बाकी, तो त्या शुक्रवारी मिळणार होता! आणि मी काय करावं? एका थाळ्याभोवती चौघे बसलोय, मधे भात, वर मटण, आणि मी म्हणतो, "यल्ला, चला, आपल्या खारवलीच्या क्रिकेट टीमचे वीस वर्षांतले बेस्ट प्लेयर कोण? नंबर लावू या!"

शेजारी रफिक. माझा दोस्त. हळूच म्हणाला, "गनी, चाचांना पहिलं ठेव आणि गप जेव." ऐकावं की नाही? नाही! म्हटलं, "खेळात नातं नाही!"

आणि पहिला नंबर कोणाला दिला? रफिकला! नुसता दिला नाही, वकिली केली! "चाचा, असा माणूस मिळायचा नाही! घाई नाही, चिडणं नाही, समोरच्याला कधी रनआउट केलं नाही, टीम बुडाली तरी हा आपला उभा!" चाचा घास थांबवून त्याच्याकडे बघायला लागले. "हा आपल्या जहूरचा पोरगा ना? कधी बोलतच नाही." मी म्हटलं, "बोलेल कशाला? बॅट बोलते!" या अल्ला, तेव्हाच माझी जीभ का नाही झडली?

मग दुसरा, तिसरा, चौथा... चाचा दाढीवरून हात फिरवत, जरा लाजतच म्हणाले, "आणि आम्ही रे? आम्ही कीपर होतो." इथे तरी थांबावं! पण अंगात तो अमेरिकन संचारलेला! "चाचा, तुम्ही अकरावे. फायनलला तीन कॅच सोडलेत, तेही लुंगी सावरताना!"

चाचांचे कान लाल, मान खाली. ज्यांच्या घरचं खातोय त्यांनाच, त्यांच्याच थाळ्यावर... माफी मागायला तोंड उघडलं, तर बाहेर काय आलं? "पण चाचा, खेळात नातं नाही ना!"

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "खरं आहे, बेटा. मग आता जावई निवडायचाय, तिथे आम्हीपण नंबर लावतो. पहिला रफिक. तूच पटवलंस."

खलास! रफिक बिचारा मान वर करेना. आणि मी? मी निर्लज्जासारखं विचारलं हो, "चाचा, आणि मी?"

"टीम अकरा जणांची," चाचा म्हणाले. "तू बारावा."

तर तुम्ही आज ज्या मंगनीला आलात ती ही. मुलगी गावी, नवरदेव तो तिकडे, नवा शर्ट घालून बसलाय, माझ्याकडे बघत नाही. आणि बारावा खेळाडू मॅचमध्ये काय करतो, माहीत आहे ना? पाणी देतो!

चला, हात धुवायला पुढे करा. हा लोटा, हे तस्त. जेवण गरम आहे.