कमान, गिरण आणि अडकलेला ऊस

माजं माहेर मलकापूर, कोकणाच्या वाटंला, पावसाळ्यात पेटीतल्या लुगड्याला बी बुरशी धरती असला मुलूख, आन लगीन करून आले ती हितं, गारगोटीच्या अलीकडं, ह्या गावात. तुमी म्हनला चाची, गावाचा इतिहास सांगा, तर काय सांगू तुमास्नी, मी काय शाळा शिकल्याली न्हाय, मला इतिहास म्हंजे गिरणीत आलेल्या डब्याएवढाच ठावं. पर त्यो बी काय कमी न्हाय बगा. कुणाच्या घरात पावणं आल्यात, कुणाची सून रुसून माहेरला गेलीया, कुणाला साखर निगाली म्हणून गहू बंद होऊन नाचणी चालू झाली, हे समदं दळपावरनं मला आधी कळतंय, डॉक्टरला मागनं.

गिरण माज्या सासऱ्यानं घातली. तवा लाईट नव्हती, तेलावरचं इंजन, त्याचा पुकपुक आवाज पार वरच्या माळावर जायचा, आन आवाज आला की माळावरच्या बायका डोक्यावर दळप घेऊन निगायच्या. सासरा गेला, मग आमचं ह्ये बसलं, ह्ये गेल्याला बी आता लई वर्सं झाली, मग मी बसले. लोक म्हनले, बाईमाणूस गिरणीवर? मी म्हनलं, मग आजवर घरोघरी जात्यावर काय बापय बसत हुते व्हय? दुसऱ्या दिवशी डबं घेऊन आलीच.

आता आमच्यात गावदेवीच्या जत्रंआधी पाच मंगळवार पाळक असती, म्हंजे त्या दिवशी शेतात नांगर न्हाय, खुरपं न्हाय आन गिरण बी न्हाय. मी मुसलमान, पर गिरण गावाची, तवा मंगळवार बी माजाच आन शुक्रवारचा जुम्मा बी माजाच, आन लाईट जाती ती सुट्टी सरकारी. एकदा नवी लग्न होऊन आल्याली पोरगी पाळकंच्या मंगळवारी डबा घेऊन आली, तिला मीच परत लावली, म्हनलं बाई, देवीला कळलं तर ती माफ करंल, तुज्या सासूला कळलं तर बग. हां, तर कुठं हुते मी? कमानीचं सांगायचं हुतं.

शेजारच्या समद्या गावांस्नी कमानी झाल्या. आमच्याच गावाला कमान न्हाय, मग सोयरिकीला आलेला पावणा काय म्हनंल, असं सरपंचाच्या मनानं घेतलं. गावाचं तोंड कसं हाय तुमी बगितलंच की, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला माजी गिरण, मधनं रस्ता. एक खांब ओढ्याकडं आन एक माज्या दाराला खेटून, असं ठरलं. मग कमानीवर नाव कुणाचं घालायचं ह्याच्यावर वरची गल्ली आन खालची गल्ली सा म्हैनं भांडली. लग्नातल्या पंगती बी येगळ्या बसाय लागल्या. शेवटाला कुणाचंच नाव नगो, नुसतं सुस्वागतम् लिवा असं ठरलं, तर मागच्या बाजूला काय लिवायचं ह्याच्यावर परत दोन म्हैनं. ह्या समद्या भांडणात उंची किती, हे कुणी इचारलंच न्हाय.

गवंडी सरपंचाचाच मेव्हणा. त्यानंच शेवटाला इचारलं, दाजी, उंची किती धरू? सरपंच म्हनले, देवीची पालखी खांद्यावर धर, तिच्यावर छत्री धर, छत्रीच्या वर हातभर सोड, देव गेला की समदं गाव गेलं. लोकांनी टाळ्या वाजीवल्या. मी बी वाजीवल्या, खोटं कशाला बोलू. आन जत्रंला पालखी गेली की कमानीखालनं, कशी झ्याक गेली, गुलाल तर माज्या पिठात पडला, चार दिस लोकांनी गुलाबी भाकऱ्या खाल्ल्या.

पर आता तुमीच सांगा. आमच्या गावात पोराला दात यायच्या आधी तोंडात उसाची कांडी जाती, आन त्या गावात कमान बांधताना एकाला, एकाला म्हनते मी, उसानं भरल्याली ट्रॉली आठवली न्हाय!

दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं, आन पहिली ट्रॉली सकाळच्या पारी गावातनं निगाली. डायवर गाणी लावून मजेत. कमानीत आली आन उसाचा वरचा थर सुस्वागतमला जाऊन असा बसला की म्होरं न्हाय आन मागं न्हाय. मागनं आणखी धा ट्रॉल्या. त्यांच्या मागं यष्टी, यष्टीच्या मागं दुधाची गाडी, दूध तापाय लागलं म्हणून डेरीवाला बोंबलतोय, यष्टीतल्या पोरी कालेजचा पेपर हाय म्हणून बोंबलत्यात, आन दळपाला आलेल्या बाया माज्या दारात उभ्या राहून समदं बगत्यात. गिरण चालू हुती, तर एकीनं मला बंद कराय लावली, म्हनली चाची, काय ऐकू यीना झालंय.

सरपंच आले. कमानीकडं बगितलं, ओढ्याकडं बगितलं, मग हळूच माज्या गिरणीकडं बगितलं. ट्रॉलीच्या हुकावर चढून म्हनले, गावकऱ्यांनो, कमान काय आता हलत न्हाय, ओढा बी हलत न्हाय, तवा गिरण पाडूया, खांबाच्या भायेरनं रस्ता काढूया, चाचीला गावाबाहेर माळावर दुसरी जागा दिऊया. ज्याला मान्य त्यानं हात वर करा.

मला मूलबाळ न्हाय, ह्यांच्या मागं एवढीच एक भिंत हाय पाठीला. माळावर डबा घेऊन कोण येणार? मी नुसती दारात उभी ऱ्हायले, अंगावर पीठ तसंच. आन मी बगत ऱ्हायले की बगत ऱ्हायले, एक बी हात वर जाईना. ज्याचा ऊस अडकला हुता त्यानं हात खिशात घातलं. वरच्या गल्लीच्या आक्कानं, जी माज्याशी दळप जाड आलं म्हणून वर्सभर बोलत नव्हती, तिनं तर हाताची घडीच घातली. सरपंचानं आपल्या मालकिणीकडं बगितलं, तिचा बी डबा माज्या रांगंतच हुता, ती म्हनली, अवं माज्याकडं काय बगताय, भाकरी खायाची हाय न्हवं सांजंला?

मग दत्तूआण्णा उठला. त्यो गावातला समद्यात म्हातारा, कायम माज्या कट्ट्यावर बसल्याला. त्यो म्हनला, हितं पयली येस हुती दगडाची, गावाचा दरवाजाच. माज्या आज्यानं आन त्येच्या जोडीदारांनी पाडली, कडब्याची गाडी अडकत हुती म्हणून. सरपंच म्हनले, आण्णा, मग आधी का बोलला न्हाईसा? आण्णा म्हनला, तुमी नाव कुणाचं घालायचं त्येवढंच इचारत हुता, उंचीचं मला कोण इचारलं?

तरी बी कमान पाडा म्हणायला कुणाची जीभ रेटंना, आठ म्हैनं भांडून उभी केल्याली. मग मीच म्हनलं, कमान वर जाईना, गिरण बाजूला सरंना, तर रस्ताच खाली जाऊ द्या की. पयल्यांदा समदी हसली, आन दुपारी जेसीबी आला. तवर वरचा थर उतरून ट्रॉल्या काढल्या, आन ऊस कारखान्याला पोचला, पोरींस्नी पेपर बी गावला म्हणं.

आता तुमी आला तवा तुमची गाडी खड्ड्यात उतरून वर आली न्हवं, त्योच आमचा रस्ता. पावसाळ्यात तिथं म्हशी बसत्यात, सुस्वागतमच्या बराबर खाली, आलेल्या पावण्याला वाटतं आमी मुद्दाम बसवल्यात. सरपंच अजून दळपाला सोता येत्यात, डबा ठेवत्यात, माज्याकडं बगत न्हाईत, मी बी बारीक दळून देते. माणूस वाईट न्हाय त्यो, हौशी हाय.

तर तुमच्या पुस्तकात येस लिवा, कमान लिवा, म्हशी बी लिवा. पर त्या दिवशी माज्या दारात समदा गाव उभा हुता आन एक बी हात वर गेला न्हाय, त्ये तेवढं ध्यान करून लिवा. अल्ला आन गावदेवी दोघं मिळून ह्या येड्या लोकांस्नी सुखात ठेवू देत. आन लिवताना कुणाचं नाव आधी घालू नगा सर, हात जोडते, आत्ता कुठं पंगती एक झाल्यात.