‘बेअर’चं पान

…नाही नाही, उठू नका, येतीलच ते — दाढी करतायत, आणि त्यांची दाढी म्हणजे सावकाश, एकेका केसाला विचारून. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर ‘ए’ आहे — ‘ए’ची कार्डं हो, अकरा वर्षांची — या स्टुलावर बसा. तर तुमचं म्हणणं, एका पानासाठी मशीन अडलंय. बरोबर आहे. इंग्रजी-मराठी कोशाचा अख्खा पहिला खंड छापून झाला आणि मध्येच हे एक पान राहिलं, ‘बेअर’चं. तीनदा तुम्ही प्रूफ पाठवलंत आणि तीनदा आम्ही खाडाखोड करून परत धाडलं. आम्ही म्हणजे यांनी. यांनी धाडलं. आणि आता तुमच्या मालकांनी करार दाखवलाय — संपादकांनी प्रत्येक पान स्वतः वाचून सही करायची, सही घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. द्या ते पान इकडे. त्यांना मी देईन.

तुम्हाला वाटत असेल, इंग्रजीत चार अक्षरांचा शब्द, त्यात एवढं काय आहे? मलाही वाटायचं. अस्वल नव्हे हो — अस्वल वेगळं, ते वरच्या कॉलमात आहे, एका ओळीत आटपलं बिचारं. हे क्रियापद. याचे सोळा अर्थ! मूळ अर्थ काय, तर वाहणं — ओझं वाहणं. त्यावरून सोसणं — कारण वाहता वाहता माणूस सोसायला लागतोच, ते काही शिकवावं लागत नाही. मग जन्म देणं — तेही आधी नऊ महिने वाहूनच. मग झाडानं फळ धरणं, मनात अढी धरणं, साक्ष देणं, नाव लावणं — आणि कुठून कुठे बघा, रस्त्यावर डावीकडे वळणं, तेही ‘बेअर’च! एकाच गड्याला किती कामं लावायची, काही सुमार? आणि हा गडी परका नाही बरं का. आपला भार, आपलं भरणपोषण आणि त्यांचं ‘बेअर’ — सगळी एकाच आजीची नातवंडं. भर्ता आणि भार्यासुद्धा त्यातलेच. भर्ता म्हणजे भार वाहणारा, भार्या म्हणजे जिचा भार वाहायचा ती. हे यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दोन जिने चढून आले होते. म्हटलं, वा, छान लागलीय व्युत्पत्ती.

आता अर्थ आला की त्याखाली एक वाक्य द्यावं लागतं, उदाहरण म्हणून. बाकीचे विद्वान वाक्यं ग्रंथातून आणतात. हे घरातून आणतात. तुम्ही मागे नमुन्याची पुस्तिका काढली होती ना, तिच्यात ‘अव्हॉइड’ होता — टाळणं. त्याखाली वाक्य काय? ‘माझी पत्नी माझ्या बहिणीला टाळते.’ घ्या! आणि आमच्या वन्सं, ज्यांनी जन्मात पंचांग सोडून… पंचांगसुद्धा नाही, काहीच वाचलं नाही, त्यांनी नेमकी ती पुस्तिका वाचली. चष्मा लावून. मोठ्यानं. मी वाढत असताना. पुढे ‘बेअर’मध्ये अढी धरणं आलं, तेव्हा वाक्य शोधायला लांब जावं लागलं नाही.

काय म्हणालात? अक्षर? हो, खाडाखोड माझ्याच अक्षरात आहे. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पक्की कार्डं पहिल्यापासून मीच लिहिते. ते सांगतात, मी लिहिते. वाक्यं त्यांचीच. सगळी त्यांचीच. — कुठलं? अकरावं? ‘आता डावीकडे वळा, उजवीकडे उघडं गटार आहे, आणि काठी नीट टेका.’ बरं मग? चांगलं आहे की वाक्य. विद्वान माणूस असं लिहीत नाही म्हणता? का, विद्वान माणूस गटारात पडत नाही? मी रोज संध्याकाळी तीनदा म्हणते हे, त्यांना हाताला धरून — धरून म्हणजे — सोबत. सोबत जाते मी.

गप्प का झालात? असे गप्प बसू नका हो, समोरचा गप्प बसला की माझं सुटतं — आई म्हणायचीच, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरं. ऐका. पण हळू.

दिसत नाही त्यांना. झालं समाधान? चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, मधलं गेलं, कडेकडेचं राहिलं. म्हणून दारावर आपटत नाहीत, आल्यागेल्याला पत्ता लागत नाही. पण अक्षर म्हणाल तर एक नाही. मी समोर उभी राहिले तर दिसत नाही, बाजूला उभी राहिले तर दिसते — बत्तीस वर्षं समोर उभी होते तेव्हा कुठे बघितलं होतं म्हणा! तुमच्या मालकांना कळलं तर काय होईल? ‘सी’पासून पुढचं काम कुणातरी तरुण प्राध्यापकाला देतील. आयत्या बिळावर नागोबा. देतीलच, त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं असतं. मग या माणसानं सकाळी उठून करायचं काय? मला भीती वाटते हो. डोळे गेले तेव्हा वाटली नाही एवढी याची वाटते.

आणि वाक्यं — आता सांगतेच आहे तर सगळंच सांगते. डोळे गेल्यावर पहिली दोन वर्षं ते सांगायचे तसं निमूट लिहिलं. मग हे ‘बेअर’ आलं. म्हणाले, लिही, ‘नवरा बायकोचा भार वाहतो.’ मी नुकतीच त्यांना दवाखान्यातून आणून, जिने चढवून, बुटांच्या नाड्या सोडून टेकले होते. हातानं लिहिलं, ‘बायको नवऱ्याचा भार वाहते.’ मी नाही, हातानं! वाचून दाखवताना मात्र त्यांचंच वाचलं. वीज कोसळली नाही, काही नाही. मग काय, चटकच लागली. सोळाच्या सोळा माझी. आणि दर खेपेला प्रूफ आलं की आणखी बरं काहीतरी सुचायचं — तुमचं मशीन माझ्यापायी अडलंय, यांच्यापायी नाही. दुसऱ्या कुठल्या शब्दाला हात लावला नाही हो मी! म्हणजे… ‘ब्लेम’ला थोडा. ‘ब्रेक’ला बराच.

श्श! नळ बंद झाला. चेहरा सारखा करा, असा मयताला आल्यासारखा नको. — अहो, प्रेसचे आलेत, ‘बेअर’ घेऊन. हे घ्या पान. वाचा सावकाश, त्यांना मुळीच घाई नाही.

…ऐकताय? एकेक अर्थ क्रमानं, वाक्यासकट, तोंडपाठ. तुम्ही कागदाकडे कशाला बघता? कागद तुम्हीच छापलाय. त्यांच्याकडे बघा. वाचायला लागले की त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. अकरावं आलं — ‘नदी येथे डावीकडे वळते.’ किती साधं, नाही? मला कधी नदी सुचली नसती.

झालं? एकही चूक नाही? वा. मग करा सही. हे पेन. — थोडं अलीकडे… बरं, बरं, नाही बोलत. झाली! काय झोकात केलीत. आता आत जा, डाव्या गालाला साबण राहिलाय. पान मी देते त्यांना.

गेले. बघू. …पानावर नाही ती. टेबलावर आहे. अख्खी, खालच्या रेघेसकट. — पुसू नका! हात काढा तो! राहू दे ती तिथेच.

आणा, पानावर मी करते, हुबेहूब येते मला. आणि पहिलं वाक्य — थांबा, पहिलं वाक्य त्यांचं परत घालते. ‘नवरा बायकोचा…’ नको. राहू दे. माझंच खरं आहे.

मालकांनी विचारलं तर खोटं सांगू नका. सांगा, संपादकांनी अख्खं पान माझ्यादेखत खणखणीत वाचलं आणि स्वतःच्या हातानं सही केली. कशावर केली, ते विचारायचं करारात नाही. — चपला डावीकडे आहेत तुमच्या. या आता.