शेवटची सोळा पानं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, 'आतली कडी' या भयकादंबरीचे लेखक माननीय दीनानाथराव, ग्रंथालयाचे पदाधिकारी, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल श्यामलाताई, आणि निम्मे पंखे बंद असूनही बसून राहिलेल्या सभासदहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी चार वर्षं थांबलोय, तेव्हा सातव्या मिनिटाला घंटा वाजवू नये.

त्या कादंबरीवरच्या चित्रपटाची पटकथा माझी. त्यात कोंडलेली सुमन शेवटी दार उघडून बाहेर येते. दीनानाथरावांनी वर्तमानपत्रात लिहिलं, कादंबरीत ती आतच मरते, 'पटकथाकारानं शेवटची सोळा पानं वाचलेली दिसत नाहीत.' तेव्हापासून किती जणांनी मला सुनावलं असेल? इस्त्रीवाल्यानंसुद्धा. आणि दीनानाथराव माझ्याशी बोलत नाहीत. आत्ताही पाण्याचा पेला माझ्यासमोर होता, तो त्यांनी पलीकडच्यांकडून मागवला.

कादंबरी बाजारात मिळत नव्हती, म्हणून मी त्यांच्या घरी प्रत मागायला गेलो होतो. दारातच म्हणाले, "एकच आहे. देत नाही. ग्रंथालयात मिळेल, सभासद व्हा."

झालो. इथल्या प्रतीची शेवटची सोळा पानं गेलेली, त्या जागी ताईंच्या हस्ताक्षरातली शिवलेली. त्यांची पद्धत आपण जाणता. पानं फाटली की दुसरीकडून प्रत मिळवायची आणि हातानं उतरवून काढायची, स्वल्पविरामासकट. त्यावर शंका कोण घेणार? मी घ्यायला हवी होती का? माझ्या डायरीत हा प्रश्न वारंवार आहे.

दीनानाथरावांचं ते पत्र छापून आल्यावर मी ही प्रत पुन्हा काढली. सुमन बाहेर येतच होती. मला वाटलं, लेखक स्वतःची कादंबरी विसरले. दोन प्रती एका टेबलावर ठेवायला दहा मिनिटं लागली असती. पण आधी फोन कुणी करायचा?

गेल्या मंगळवारी या भाषणासाठी माहिती विचारायला ताईंकडे गेलो. नेमणुकीची तारीख सांगता सांगता त्या थांबल्या. ती पानं उतरवत होत्या, तेव्हा त्यांची मुलगी पूर्वा रुग्णालयात होती, अतिदक्षता विभागाच्या बंद दाराआड. बाहेरच्या बाकावर बसून लिहीत होत्या. म्हणाल्या, "सुमन मरते त्या ओळीपर्यंत आले आणि हात चालेना. मग दार उघडलं मी."

मी वैतागून विचारलं, निदान मला सांगायचं नाही का?

"नोकरीची भीती होती. आणि तुम्ही दोघं शिकलेले. कधीतरी प्रती शेजारी ठेवून बघाल, असं वाटलं."

आता पुस्तकांना बारकोड लागणार आणि हातानं लिहिलेली पानं असलेली पुस्तकं बाद होणार. ताई म्हणाल्या, त्याआधी सगळ्यांसमोर सांगून टाका. पूर्वा बरी झाली. ती पहिल्या रांगेत बसली आहे.

हे ते पुस्तक. दीनानाथराव, आपण हात पुढे केलात, म्हणजे आपल्याला ते वाचायचं आहे. चार वर्षांत प्रथमच आपण माझ्याकडे काहीतरी मागताय. जरूर देतो. सभासद व्हा.

ताई, आपले आभार मानावेत की तक्रार करावी, हे माझं अजून ठरलेलं नाही, तूर्त आभार. सभासदहो, आपण ऐकून घेतलंत, आपलेही. बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाला लागलं असेल, तर क्षमा असावी. या भाषणाचं शेवटचं पान ताईंकडे द्यावं. त्या उतरवताना नीट करतील.