जैतुनबीची हाक

टँकरच्या रांगेत आप्पासाहेब बादली घेऊन उभे होते. पुढं साळूबाई आणि वच्छलाबाई होत्या. मागं कोण उभं आहे, हे दोघींनी पाहिलं नव्हतं.

“काल आठ दिवसांनी नळ येऊन गेला, वच्छलाबाई, अन् गल्लीत कुणालाच पत्ता नाय!”

“जैतुनबी असती तर दारोदार वरडत फिरली असती. ‘नल आया, भर लेव गे!’”

“त्याच वरडण्याच्या तक्रारीचा तर आपण अर्ज केला.”

“आपण कुठं? आप्पासाहेबांनी लिहिला. शांततेचा भंग म्हणे.”

“सही कुणी केली मग?”

“तू केलीस म्हणून मी केली.”

आप्पासाहेबांनी बादली या हातातून त्या हातात घेतली आणि टँकरचा नंबर मन लावून वाचला.

“अर्जाचं कळलं तशी गेली लेकीकडं फर्दापूरला. भांडली पण नाय बघा.”

“भांडली असती तर बरं झालं असतं, साळू. सकाळी फोन आला होता तिचा.”

“अगं बाई! काय म्हणली?”

“म्हणली, ‘काल आपला नळाचा दिवस होता. भरलं ना सगळ्यांनी?’”

“मग तुम्ही?”

“भरलं म्हणलं.”